आईचा गुलाब फिका पडला तेव्हा

"ताई, हे फूल इथून उचला."

मी मान वर केली. गळ्यात आयोजकांचा बिल्ला, हातावर काट्यांचे ओरखडे, आणि कपाळाला अशी आठी, की मी त्याच्या देवघरात चपला घालून शिरले होते जणू. जानेवारीतली सकाळ होती. सिव्हिल लाइन्समधल्या गुलाब प्रदर्शनाच्या हॉलात स्वेटर काढायची कुणाची हिंमत नव्हती, आणि लांबलचक टेबलांवर, पाण्याच्या बाटल्यांमध्ये गुलाबच गुलाब उभे होते.

"काहून उचलू?" मीही नागपूरचीच. "वेळेत आणलं, पाणी भरलं, कार्ड लावलं. आता काय आरती करू?"

"कार्डच तं चुकलं." त्यानं माझं कार्ड दोन बोटांत धरलं. "क्रिमसन ग्लोरी. वर्ग, हायब्रिड टी, म्हणजे एका दांडीले एक मोठं फूल. क्रिमसन म्हणजे काय, माहीत आहे?"

"गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात रंगांना नावं द्याचंच काम आहे माझं. क्रिमसन म्हणजे किरमिजी. आम्ही त्याले डाळिंबी म्हणून विकतो. जास्त खपते."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू येत होतं, पण बिल्ल्याची लाज वाटत असावी. "मग हे डाळिंबी आहे?"

मी बाटलीतल्या फुलाकडे पाहिलं. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचं, एकाच दांडीवर घोसानं आलेलं. शेजारी दिमाखात उभ्या असलेल्या त्या मोठमोठ्या लाल गुलाबांपुढे ते लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं.

"आधी होतं," मी म्हटलं. "आता फिकं पडलं."

"कशानं?"

"आई गेली... म्हणून."

बोलून गेले आणि माझे कान तापले. घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं जायचं, की बाहेर ते कसं ऐकू जाईल याचा मी विचारच केला नव्हता. आता हा हसणार, असं वाटून मी खाली बघत राहिले. पण तो हसला नाही. त्यानं कार्ड हळूच माझ्या हातात ठेवलं, फूल उचललं, वास घेतला, पानं उलटी करून पाहिली.

"स्पर्धेत नाही ठेवता येणार," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "पण... मले झाड पाहता येईन का? मी सुमंत. कृषी महाविद्यालयाच्या बागेत गुलाबांची नावं लावून राहिलो सध्या."

"मी वैभवी," मी म्हटलं. "आणि मले ताई नका म्हणू."

आई, म्हणजे सरिता, गुलाबांची वेडी होती. मानेवाड्याच्या आमच्या घरापुढे जेमतेम चार हात जागा, त्यात तिनं एक लाल गुलाब जोपासला होता. दर थंडीत त्याचं फूल ती प्रदर्शनात मांडायची आणि दर संक्रांतीला एक माझ्या वेणीत खोचायची. मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आला. आई दवाखान्यात, आम्ही बापलेक तिच्या उशाशी. झाडाला पाणी कोण घालणार? मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन माणसाला सोडत नाही, तिथे झाडाची काय कथा. आई गेली तेव्हा गुलाबही वाळून काडी झाला होता.

पावसाळ्यात तो बुडातून फुटला. बाबांनी मला अंगणातून हाक मारली. आई गेल्यानंतर ती त्यांची पहिली मोठी हाक होती. थंडीत फूल आलं, ते असं फिकं. बाबा म्हणाले, "दुःख झालं त्याले. रडून रडून माणूस फिका पडते, झाड काहून नाही पडणार?" शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या, पदरानं डोळे पुसून गेल्या. तेव्हापासून बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी बसत. आईसारखाच चहाचा चोथा बुडाशी टाकत, आणि मग गप्पा. पेन्शन, गॅस, माझं लग्न. मधूनच विचारत, "ऐकून राहिली ना सरिता?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची. माझ्याशी ते कामापुरतं बोलत; पण घरात त्यांचा आवाज तरी होता. मला तेवढ्यावर भागवता येत होतं.

रविवारी सुमंत आला. बाबा आत चहा ठेवत होते. तो झाडापाशी उकिडवा बसला, बोटांनी माती बाजूला केली आणि हातानंच मला जवळ बोलावलं.

"हे पाहा. गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली खुंट, रानटी, दणकट. त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, भरतात, तो वर वाढते. हा त्यांचा जोड."

मातीत एक वाळकं, काळं पडलेलं बोटभर खोड होतं. त्याला कापडाची चिंधी गुंडाळलेली. आमच्याच दुकानातल्या साडीची किनार. डोळा भरला की आई अशाच किनारीनं बांधायची.

"वरचं पूर्ण वाळलं," सुमंत म्हणाला. "हे सारे फुटवे जोडाच्या खालून आले. म्हणून पानं वेगळी, वास नाही, फुलं घोसानं. हा फिका नाही पडला, वैभवी. हे दुसरंच झाड आहे. काकूंचा गुलाब... त्यांच्या संगंच गेला."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी पहिल्यांदा मागे, दाराकडे पाहिलं.

"बाबाले सांगू नका," मी त्याचा हात धरला. "तुमच्या पाया पडते. काही नाव सांगा. काहीही. तुमच्या बागेत नावांची काय कमी आहे?"

तो काही बोलायच्या आत बाबा ट्रे घेऊन आले. त्यांनी कौतुकानं झाडाकडे पाहिलं. "काय म्हणते आमचं पेशंट? तुमच्या शास्त्रात असं होते ना हो? दुःखानं रंग जाते?"

सुमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं. त्यानं कप हातात घेतला, खाली ठेवला.

"काका," तो म्हणाला, "हा काकूंचा गुलाब नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. हळू, सांभाळून, पण सगळं. बाबा ऐकत राहिले. एकदा वाकून त्यांनी ती चिंधी पाहिली. मग चहा तसाच सोडून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा खोलीत घ्यायचे, पेपर पुढे धरायचे, पान उलटायचं विसरायचे. घरात फक्त कुकरची शिट्टी बोलायची. मी सुमंतला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"एक नाव, सुमंत. एक खोटं नाव टाकलं असतं तं काय आभाळ कोसळणार होतं? तुम्हाले तुमची नावाची पट्टी बरोबर लावाची होती. माझ्या बापाचं बोलणं बंद केलं तुम्ही."

"त्यांनी सरळ विचारलं," तो म्हणाला. "मले खोटं नाही बोलता आलं. पण तुमचं चूक नाही."

"नका येऊ पुन्हा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन रडले, कारण आमच्या घरात रडायला तेवढीच जागा होती.

तो आला. घरी नाही, गांधीबागेत, दुकानात. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मी नवीन मालाला नावं देत बसले होते, आणि समोर हा, चपला काढून, पांढऱ्या गादीच्या काठावर अवघडून बसलेला.

"साडी पाहिजे?" मी तुसडेपणानं विचारलं. "बायकोसाठी?"

"बायको नाही." तो कानापर्यंत लाल झाला. "एक विचाराचं होतं. काकू दुसऱ्यांना डोळे देत होत्या का? म्हणजे त्यांच्या झाडाचे, भराले?"

माझ्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. आई! मागेल त्याला द्यायची. ओल्या रुमालात काडी गुंडाळून बसनं जायची, दुसऱ्याच्या अंगणात बसून डोळा भरून यायची.

"मग कुठं तरी तो जिवंत आहे," सुमंत म्हणाला. "मी तोडलं, तं मलेच जोडू द्या."

माझा राग अजून गेला नव्हता. पण रागापेक्षा घरातली ती शांतता मोठी होती. मला बाबांचा आवाज परत हवा होता, आणि त्यासाठी मी या माणसाच्या मागे स्कूटरवरच काय, बैलगाडीवरही बसले असते.

मग आमचे रविवार सुरू झाले. आईच्या ओळखीपाळखीत विचारत हिंडायचं, फाटकं वाजवायची, चहा प्यायचा, गुलाब पाहायचा. आणि नावांचा गोंधळ तर असा, की विचारूच नका! महालातल्या एका शिक्षिकेकडे क्रिमसन ग्लोरी म्हणून जे होतं, ते चक्क पिवळं निघालं. दुसऱ्या एका बाईंकडे लाल होतं, पण त्याला त्या मखमल म्हणत, आणि ते भलत्याच जातीचं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत असलेला बळीराम म्हणाला, सरिताताईनं दिलेलं झाड आहे ना, या. पाहिलं तर घोसानं फुललेला फ्लोरिबंडा, नाव काय, तर लाल परी.

"ताईनं दिलेलं वाळलं होतं," बळीरामनं कान खाजवत कबूल केलं. "मग नर्सरीतून दुसरं आणलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."

परतताना सिग्नलला मी म्हटलं, "पाहा. ज्याले खोटं बोलता येते असा एक तरी माणूस भेटला."

"तुमच्या बाजारात एका रंगाले पाच नावं," तो मान मागे न वळवता म्हणाला, "आमच्यात पाच गुलाबांना एक नाव. नर्सरीवाल्याची पट्टी पडली, की जे खपते ते नाव लावून मोकळा. तुमचेच भाऊबंद सारे."

"आणि तुम्ही?"

"मी खात्री झाल्याबिगर नाव लावत नाही. कशालेच."

"म्हणून तुमच्या मोबाइलमध्ये माझा नुसता नंबर दिसते का? मघाशी तुमचा मोबाइल शोधाले फोन केला तेव्हा पाहिलं मी."

स्कूटर जरा हलली. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. मी ओढणीत तोंड लपवून हसले. मग लगेच वाईट वाटलं, की घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले आहेत आणि मी इथे हसतेय. ते हसू आणि ती टोचणी, दोन्ही मला तेव्हापासून एकत्रच येऊ लागली.

शेवटचं नाव उरलं होतं इंदूबाईचं. आईची लहानपणची मैत्रीण, राहायला सावनेरला. आईच्या तेराव्याला आली होती, मग गाठ नाही. आम्ही निघालो तेव्हा आभाळ दाटलेलं, आणि गावाबाहेर पोचेपर्यंत थंडीतल्या अवकाळी पावसानं गाठलंच. बारीक, गार, तिरपा पाऊस. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. सुमंतनं जॅकेट काढून माझ्यापुढे धरलं.

"मी नाही घेणार. तुम्ही कुडकुडून राहिले."

"तुम्ही म्हणणं सोडा ना आता," तो म्हणाला. बोलताना त्याचे दात वाजत होते.

"बरं... तू कुडकुडून राहिला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही एकदम समोरच्या कपाशीच्या शेताकडे बघू लागलो, जसं काही तिथे फार बघण्यासारखं होतं. जॅकेट मी घेतलं. त्याला मातीचा आणि शेणखताचा वास होता.

"इथं नाही सापडला तं?" मी विचारलं.

"तं नाही सापडला." तो माझ्याकडे वळला. "वैभवी, मी तुले खोटी आशा नाही देणार. पण शोधणं मी सोडणार नाही."

इंदूबाईनं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मला छातीशी धरलं. "सरिताच आली वं माय!" मग तिनं आम्हाला मागच्या अंगणात नेलं. विहिरीपाशी, पावसात भिजत, एकाच दांडीवर एक मोठं, काळपट लाल फूल.

सुमंत थांबला. "तू पाहा आधी," तो म्हणाला.

मी वाकले. वास घेतला. आणि संक्रांतीची सकाळ आली, घट्ट वेणी, तिळाचे लाडू, मानेवर आईची थंडगार बोटं, "हलू नको वं, काटा लागंन." मी तिथेच चिखलात बसले. आई गेल्यावर लोकांसमोर मी रडले नव्हते. बाबांना सांभाळायचं होतं ना. तिथे, सावनेरच्या त्या परक्या अंगणात, मला रडू आवरेना, आणि सुमंत शेजारी उकिडवा बसून फक्त पावसाच्या बाजूला आडोसा धरून होता, माझ्यावर पाणी येऊ नये म्हणून.

"याचं नाव काय म्हणता, मावशी?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"नाव?" इंदूबाईनं नाक ओढलं. "आम्ही तं सरिता म्हणतो बाप्पा. तिनंच लावला."

परतताना ओल्या रुमालात गुंडाळलेल्या काड्या मी जॅकेटच्या आत धरल्या होत्या, आई धरायची तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंत अंगणात बसला. नव्या झाडाला वेळ लागला असता. डोळा भरायचा होता तो त्याच खुंटात. त्यानं सालीला चीर दिली, डोळा आत सरकवला. बांधायला मी साडीची किनार फाडून दिली. तेवढ्यात दारात सावली पडली. बाबा. किती दिवसांनी उंबऱ्याबाहेर.

"काय करून राहिले?"

सुमंतनं सांगितलं. बाबांनी ओल्या रुमालातली उरलेली काडी हातात घेतली आणि फिक्या फुलांकडे पाहिलं. "अन् हा? याचं काय?"

"डोळा जगला, तं वरचे फाटे कापा लागतीन, काका."

"दोन वर्षं मी याच्याशी बोललो." बाबांचा आवाज गंजल्यासारखा आला. "हा कोणी नव्हताच का मग? भलत्याशीच बोललो मी?"

मी सुमंतकडे पाहिलं. या वेळी विनवलं नाही. मला वाटलं, याला जे खरं वाटेल तेच हा बोलेल, आणि मला तेच हवं होतं.

"काका, काकूंचा गुलाब वाळला, तरी हा खुंट जगला. तुम्ही रोज बसले, पाणी घातलं, चोथा टाकला, म्हणून जगला. याचं मूळ जिवंत नसतं, तं आज डोळा भराले जागाच नव्हती."

बाबांनी खाली बसून खुंट दोन्ही हातांनी धरला, आणि सुमंतनं गाठ बांधली.

डोळा जगला. हिरवा राहिला, मग फुगला. फिके फाटे कापायची वेळ आली, तेव्हा बाबांनी कात्री सुमंतच्या हातून घेतली. प्रत्येक फाटा कापण्याआधी ते त्याच्यावर हात ठेवत. कापलेली फिकी फुलं त्यांनी आईच्या फोटोपुढे ठेवली. पण झाडाशी ते बोलले नाहीत. रोज पाणी घालत, मुकाट्यानं. सुमंत येई, पानं पाही, माझ्याकडे पाही. मी मान हलवे. अजून नाही.

उन्हं तापायला लागली होती, तेव्हा ते फूल उमललं. एकच. काळपट लाल. सुमंत कामावर जायच्या आधी आला होता. बाबा झाडापाशी गेले, वाकले आणि वास घेतला. कितीतरी वेळ ते तसेच वाकून राहिले. मग मला त्यांचे खांदे हलताना दिसले.

"तिचंच आहे," ते म्हणाले. "वैभवी, तिचंच फूल आहे वं हे. पण ती नाही ना. ती गेली ना वं..."

आई गेली त्या दिवशी बाबा रडले नव्हते. त्यांना वाटत राहिलं होतं, की ती झाडात आहे, फिकी होऊन, पण आहे. आता तिचं खरं फूल हातात आलं आणि ती नसल्याचं त्यांना कळलं. मी त्यांना धरलं. ते लहान मुलासारखे माझ्या खांद्यावर रडले, आणि मीही. दोन वर्षं आम्ही एका घरात दोन दुःखं वेगवेगळी सांभाळत होतो.

डोळे पुसून बाबांनी सुमंतला विचारलं, "क्रिमसन ग्लोरीच ना?"

सुमंतनं पुन्हा एकदा दांडी पाहिली, काटे पाहिले.

"नाही वाटत, काका. त्याची मान वाकलेली असते, हा ताठ उभा आहे. काडी देताना काकूंना नर्सरीवाल्यानं चुकीचं नाव सांगितलं असंन. खरं नाव मी शोधून राहिलो, अजून सापडलं नाही. पण आमच्यात एक रीत आहे. नाव हरवलेला गुलाब कोणाच्या अंगणात सापडला, की खरं नाव कळेपर्यंत त्या घरच्या माणसाचं नाव त्याले लावतात."

त्यानं खिशातून पत्र्याची पट्टी काढली. त्यावर घरूनच कोरून आणलं होतं. सरिता.

बाबांनी पट्टी स्वतः बांधली. मग नाक पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभी काय आहेस वं? चहा ठेव. मी बोलतो जरा."

मी आत जाईना. वाटलं, आता ते फुलाकडे वळतील. पण बाबांनी पायरीवर बसून शेजारची जागा हातानं झटकली. "चहा राहू दे, नंतर ठेव. आधी तूच बस. तुझी आई अन् मी पहिल्यांदा या गुलाबाची काडी आणाले गेलो ना, तेव्हा..."

ते सांगत राहिले. मला. इतक्या दिवसांनी तो आवाज, घसा बसलेला, मध्येच अडखळणारा. मी ऐकत होते आणि डोळे पुसत होते. सुमंत फाटकापाशी चपला घालत होता. मी बाबांना न दिसेल अशा बेतानं मोबाइल काढला आणि त्याला फोन लावला. त्याच्या हातातला फोन थरथरला. त्यानं तो माझ्याकडे वळवून धरला.

नंबर नव्हता. वैभवी, एवढंच लिहिलं होतं.

"खात्री झाली?" मी फोनमध्ये हळूच विचारलं.

"सावनेरलाच," तो म्हणाला. "पत्र्याखाली."

"कोण आहे वं फोनवर?" बाबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फाटकाकडे पाहून मोठ्यानं हाक मारली, "अरे गा सुमंत, कुठं चालला? चहा पिऊन जा. अन् मग चहाचा चोथा टाक झाडाले. आता तुलेच करा लागंन ते."